ओळखीचा आवाज

"नेम धरायचाच न्हाय," बब्रुवान बायकोला म्हणाला. "छर्रे फाकत्यात. दाराकडं तोंड करायचं अन् चाप ओढायचा."

रुद्रम्मानं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत तोललं. दिसायला रिव्हॉल्व्हर, पण त्यात बंदुकीची छऱ्याची काडतुसं बसायची. निजामी गेल्यावर हैदराबादचा एक जहागीरदार घरातलं सामान विकत होता, तेव्हा बब्रुवाननं ते धूड आणलं. मळ्यातल्या एकट्या घराला राखण हवी, असं तो चारचौघांत सांगायचा. उमरग्याच्या वाटेवर दरोडे पडतच होते. कुणाला नवल वाटलं नाही.

"वळखीचं माणूस असलं तर?"

"दरोडेखोर वळखीचाच आवाज काढत्यात. अक्का म्हणून हाक मारत्याल. कडी हालली की ओढायचा, बघत बसायचं न्हाय."

तिनं मान हलवली. बायको म्हणजे गरीब गाय. बारा वर्षांत तिनं नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं, की त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, ही तिची पक्की समजूत. हळदीकुंकवाला बायांनी कितीही छेडलं तरी ती उखाणा घ्यायची नाही.

"पंचमीला रेवणसिद्ध न्यायला येईल न्हवं?" तिनं विचारलं.

"औंदा येत न्हाय. सांगावा आलाय."

तिचा चेहरा उतरला. धाकटा भाऊ दर पंचमीला अक्का, अक्का करत यायचा आणि तिला माहेरी न्यायचा.

पंचमीच्या आदल्या दुपारी बब्रुवान उमरग्याला म्हणून निघाला आणि ओढ्यापलीकडं चिंचेखाली जाऊन बसला. रेवणसिद्ध दुपारच्या मोटारीनं येणार होता. खरा सांगावा तोच होता. मेव्हण्याला आई-बाप नव्हते, लग्न व्हायचं होतं. त्याच्या माघारी सगळी काळी जमीन बहिणीची. आणि बहिणीची म्हणजे कुणाची, हे सांगायला वकील कशाला हवा? बहिणीच्या हातून चूक झाली म्हणून गाव हळहळलं असतं. त्यालाही चार आसवं गाळावी लागणार होती. त्याची तयारी होती.

मोटार येऊन गेली. उन्हं कलली. बार काही ऐकू आला नाही.

वारा उलटा असेल, अशी मनाची समजूत घालत तो घराकडं निघाला. दार आतून बंद होतं. उंबऱ्याबाहेर रेवणसिद्धच्या वहाणा नीट जोडीनं ठेवल्या होत्या.

बब्रुवान दोन पावलं मागं सरला. पळावंसं वाटलं; पण पळणं म्हणजे आपणच कबुली देणं. त्यानं कडी हलवली.

"म्या हाय गं," तो हळूच म्हणाला. "आवाज वळखलास न्हवं?"

 आतून रुद्रम्मा नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाली,

"वळखला, बब्रुवान."