एफ्राइनची खुर्ची

गाणं संपलं, तरी दार उघडलं नाही.

बाहेर पन्नास-साठ माणसं मेणबत्त्या धरून उभी होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळची ही नववी, शेवटची पोसादा. रोज एका घरापुढं उभं राहून गात गात आसरा मागायचा, आतल्यांनी गातच हाकलून लावायचं आणि शेवटच्या कडव्याला विरघळून दार उघडायचं. ते कडवं झाल्यावरही दार बंद राहिलं, असं त्या डोंगरावर आजवर कधी घडलं नव्हतं.

"एर्मिला, झोपलीस का काय?" म्हातारा सिल्वेस्त्रे ओरडला. "तामाल एकटीनंच खायचा बेत दिसतोय!"

लोक हसले. शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. दार बंदच.

आत एर्मिला कडीला पाठ लावून उभी होती. शेजारच्या दोघी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. बाजूला हो म्हणायची त्यांची टाप नव्हती. हाकलायचं गाणं एर्मिलाइतकं झणझणीत गावात कुणी गात नसे. कुठं शिकलीस म्हणून विचारलं, की ती सांगायची, "वकिलातीच्या खिडकीवर." दोनदा गेली होती तिथं, पोराला भेटायला जायचा परवाना मागायला. एफ्राइन सात वर्षांपूर्वी कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडं गेला. तिथं दिवसभर कोंबड्या कापायचा. इकडं आला असता तर तिकडची वाट कायमची बंद. आणि आईनं जावं, तर काचेमागचा माणूस दोन मिनिटांत नाही म्हणाला. दोन्ही वेळा. मान वर न करता.

आणि आता बाहेर गाणाऱ्यांत उभी असलेली ही पोर सीमेपलीकडच्या त्याच देशातली. एका शिक्क्यावर आली, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागली, एर्मिलाच्याच घरी खोली घेऊन राहिली. नाव लोरेन. गावानं लोरेना करून टाकलं. पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायला गेली.

"ऊठ. ती एफ्राइनची आहे."

तेव्हापासून चार महिने पोरगी फळांच्या खोक्यावर बसून जेवत होती. पहाटे एर्मिलाबरोबर मक्याची बादली गिरणीवर न्यायची. ज्या पोरांना शाळेनं ढ म्हणून मागच्या बाकावर टाकलं होतं, त्यांना अंगणात बसवून शिकवायची. गाव तिचं कौतुक करून थकत नव्हतं. मनातून एर्मिलालाही ते पटायचं, आणि पटलं की जास्तच राग यायचा.

नाताळची सुट्टी लागली तरी ती घरी गेली नाही, तेव्हा तर एर्मिलाचं डोकंच फिरलं. हिच्याकडं पासपोर्ट आहे, तिकिटाला पैसे आहेत, वाट बघणारी आई आहे. माझा पोरगा गुडघ्यांवर रांगत आला असता. आणि हिला इथं बसून गरिबांचा सण बघायचाय!

शेवटच्या कडव्याला कडी काढताना दाराच्या फटीतून तिला दिसलं होतं. योसेफ आणि मारियाच्या मूर्तींचं तबक लोरेनाच्या हातात होतं. सगळ्यांच्या पुढं. तबक धरायचं काम एफ्राइनचं होतं, तो गेला त्या वर्षापर्यंत. एर्मिलाचा कडीवरचा हात तिथंच खाली आला होता.

"आईकडं जा ना तुझ्या!" ती दाराआडून ओरडली. हे गाण्यातलं नव्हतं. "तुला कुणी अडवलंय? माझ्या पोराच्या जागेवर कशाला उभी राहतेस?"

हसणारे लोरेनाकडं बघायला लागले.

लोरेनानं तबक सिल्वेस्त्रेच्या हातात दिलं आणि ती दाराशी वाकली. एरवी तिची स्पॅनिश नीट असायची. आज अडखळत होती.

"मावशी, तुम्ही बाजाराला गेला होता, तेव्हा एफ्राइनचा फोन आला होता. नाताळला कुठं जाणार, मी विचारलं. म्हणाला, कुठं जाणार? खोलीवरच. मी म्हटलं, आमच्या घरी जा. आई विमानतळावर मला घ्यायला येणारच होती, ती गाडी तुझ्याकडं वळवेल. तर म्हणाला, माझी आई एकटी जेवत असताना मी कुणाच्या पंगतीला बसणार नाही."

"खोटं," एर्मिला म्हणाली. पण आवाजातला जोर गेला होता.

"म्हणून मी थांबले, तुमच्या पंगतीला. मग तो माझ्या आईबरोबर जायला तयार झाला. अकरा तासांचा रस्ता, त्यात बर्फ. वाटेत कुणी त्याचे कागद मागितले असते तर? पोचेल की नाही कळत नव्हतं, मग तुम्हाला काय सांगू? आत्ता पोचलेत दोघं."

दाराखालून फोन आत सरकला.

एर्मिलानं तो उचलला. फोटोत एक पांढऱ्या केसांची बाई वाफाळतं भांडं धरून उभी होती. टेबलाशी एफ्राइन बसला होता, फोटोसाठी मागं वळून. जाडा झाला होता. केस चापून बसवलेले, सासुरवाडीला आल्यासारखा अवघडलेला. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर कुण्या लहान पोरानं सुरीनं वेडीवाकडी अक्षरं कोरली होती. एर्मिलाला फारसं वाचता येत नव्हतं. पण ते नाव ती चार महिने लोरेनाच्या वह्यांवर बघत होती.

कडी निघाली. मेणबत्त्यांचा उजेड आत शिरला. एर्मिलाचे गाल ओले होते, आणि आवाज नेहमीपेक्षा खरखरीत.

"थंडीत काय उभी राहिलीस बावळटासारखी? आत ये," ती म्हणाली. "आणि खबरदार, खोक्यावर बसलीस तर!"