धोक्याचा आवाज

बेकरीतल्या कामाच्या पहिल्याच सकाळी प्रफुल्लाताई नुसतं “नमस्कार” म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकं हातातले पाव टाकून टेकडीकडे पळत सुटली. रेडिओवरची निवेदिकेची नोकरी सोडताना ताईंनी आपला आवाज धरणावरच्या यंत्राला देऊन टाकला होता. धोक्याची सूचना घरोघरी त्याच आवाजात येई.

“घाबरू नका, या आमच्या नव्या ताई,” मालक ज्याला त्याला सांगत राहिले. महिनाभरात गाव सरावलं.

मग एका दुपारी आवाज घुमला, “नमस्कार. धरण फुटलंय. टेकडीवर चला.”

रांगेतलं कुणी हललं नाही. “ताई, चेष्टा पुरे आता!” केरकरकाका हसले.

ताई तर बोलल्याच नव्हत्या. पळा म्हणून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्याकडे दुसरा आवाजच नाही.