घशात काहीतरी अडकलंय

पशुवैद्यकीय कॉलेजात इंग्रजीच्या तासाला उझैर सरांनी जनावरांच्या हजारो केस-रिपोर्टांचा साठा कॉम्प्युटरवर उघडला. एक शब्द टाकला, की तो जिथं जिथं आलाय ती सगळी वाक्यं पडद्यावर येतात. त्यावरून डॉक्टरी इंग्रजी शिकायचं.

सरांनी 'रेबीज' टाकलं आणि विचारलं, "गाईंच्या रिपोर्टात याच्या शेजारी काय येत असेल?"

"कुत्रा!" सगळा वर्ग ओरडला.

पडद्यावर मात्र ओळीमागून ओळ एकच गोष्ट सांगत होती. गाय गिळत नाही, लाळ गळते, मालकाला वाटलं घशात काहीतरी अडकलंय.

वर्गातली राजनंदिनी ताडकन उठली. सकाळी कर्जतहून तिच्या वडिलांचा फोन आला होता, तो घरच्या तांबडी गाईबद्दल नेमका हेच सांगायला. ती वर्गाबाहेर पळाली. तिनं फोन लावला.

"आबा, तांबडीच्या तोंडात हात घालू नका! लाळेला शिवूसुद्धा नका!"



"आगं, घाबरू नगं. कोपरापातुर हात घालून बघितलं, कायबी अडकल्यालं न्हाई. जरासा दात लागला, हळद लावलीय."