उकळलेलं पाणी

"आई, वीस मिनिटं झाली का?" स्पृहाने ओट्यापाशी येऊन विचारलं.

"पंचवीस झाली," कुसुम म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

सुनेच्या हातात फोन होता. निघताना तिकडच्या डॉक्टरांनी दिलेली यादी त्यात होती, आणि आल्यापासून ती रोज एकदा वाचली जायची. भारतात नळाचं पाणी प्यायचं नाही. बर्फ नाही. चिरून ठेवलेली फळं नाहीत. दात घासतानाही उकळलेलंच पाणी.

"म्हणजे आता आपलं घर परदेशात," माधवराव पेपराच्या आडून म्हणाले. "माझ्या नातवाचा बाप याच विश्रांतवाडीत नळाला तोंड लावून वाढला."

"बाबा, तिकडे आम्ही नळाचंच पितो. इथलं वरदला सोसत नाही, त्याला मी काय करू?" विक्रम लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

"तू काही करू नकोस. तू मीटिंग कर."

कुसुमने पातेल्यावर पांढरं फडकं बांधलं. पाणी निवायला ठेवलं. नातवासाठीचं पाणी तिने दुसऱ्या कुणाला भरू दिलं नव्हतं. कामाला येणाऱ्या हिरालासुद्धा त्या पातेल्याला हात लावायची मनाई होती.

चार वर्षांपूर्वी वरद तीन वर्षांचा होता. परत जायला तीन दिवस उरले होते आणि त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, पाणी बाधलं, इतक्यात विमानात बसवू नका. तिकिटं पुढे ढकलावी लागली. सतरा दिवस सगळे अडकून पडले. विक्रमने लॅपटॉप मिटून ठेवला होता. स्पृहा दिवसभर सासूच्या शेजारी बसून असायची. वरद कुसुमच्या मांडीवर बसून चमचा चमचा पेज प्यायचा.

त्यानंतर ते आले नाहीत. दर डिसेंबरात विक्रमचा फोन यायचा. वरद जरा मोठा होऊ दे, आई. त्याचं पोट नाजूक आहे.

कुसुमने तेव्हापासून चहा सोडला होता.

"अगं, तुझी काय चूक त्यात?" माधवराव सुरुवातीला म्हणायचे. "महापालिकेचं पाणी. तू काय धरणावर जाऊन बसणार होतीस?"

ती नुसती मान हलवायची. पुढे त्यांनी म्हणणं सोडलं.

या खेपेला मंडळी चौदा दिवसांसाठी आली होती. त्यातले चार दिवस स्पृहाच्या माहेरी गेले. तीन दिवस विक्रम हिंजवडीच्या ऑफिसात होता. सकाळी सातला निघायचा, परत यायचा तो जेवून. एक दिवस खरेदीत गेला. कुसुमने हिशेब केला नाही. पाणी तेवढं उकळत राहिली.

बुधवारी जेवताना विक्रम म्हणाला, "आई, आम्ही तिकडे घर घेतोय. पुढची चार-पाच वर्षं काही येणं जमायचं नाही."

"बरं," कुसुम म्हणाली. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

"तुम्हीच या ना तिकडे."

"यांना डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलंय ना, बायपासनंतर."

"हो. ते आहेच."

माधवराव भात कालवत राहिले. "चार-पाच वर्षं," ते म्हणाले. "बघू. मी काही कुणाला शब्द देत नाही." कुणी हसलं नाही.

"दोन-चार दिवस जास्त राहा मग या वेळी," कुसुम म्हणाली.

"नाही गं जमणार. सोमवारचं तिकीट आहे. मंगळवारपासून ऑफिस, वरदची शाळा."

"सोमवारचंच ना?"

"सोमवारचंच."

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. पाणी बंद होतं म्हणून तिने आदल्या दिवशीच सगळं भरून ठेवलं होतं. घट मांडला, पाच पानं लावली, पोथी वाचली. वरद मांडी घालून शेजारी बसला.

"आजी, देवी काय देते?"

"मागितलं तर देते."

"तू काय मागितलंस?"

"देवाकडे मागितलेलं सांगायचं नसतं, बाळा."

"सिक्रेट?"

"हो, सिक्रेट," म्हणून तिने त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली.

संध्याकाळी आरती झाल्यावर तिने माधवरावांना विचारलं, "अहो, आपले डॉक्टर गावाला नाहीत ना गेलेले?"

"इथेच आहेत. का?"

"काही नाही. लहान मूल घरात आहे. माहीत असलेलं बरं."

"आता चार दिवसांनी जाणार ते. सुटलीस तू."

तिने औषधांचा डबा उघडून पाहिला. साखर-मिठाची पाकिटं होती. पेजेसाठी जुना तांदूळही तिने मंडईतून आणून ठेवला होता.

शुक्रवारी पाणी उशिरा आलं. बंदनंतर येतं तसंच, बारीक धार आणि गढूळ. कुसुमची आंघोळ, तुळशीला पाणी, जपाची माळ सगळं उरकलं होतं. माधवराव नातवाला बागेत न्यायला बूट घालून दारात उभे होते.

"चला, परदेशी पाहुणे!" त्यांनी हाक मारली.

"आई, वरदची बाटली भरली का?" स्पृहाने आतून विचारलं. ती बॅग भरत होती.

"भरते," कुसुम म्हणाली.

पातेलं ओट्यावरच होतं. पहाटे उकळून निवलेलं, फडक्याने झाकलेलं. तिने वरदची स्टीलची बाटली विसळली. डोळे मिटून क्षणभर हात जोडले. मग, मागच्या वेळी केलं होतं तसंच, एकदा दाराकडे पाहिलं आणि बाटली नळाखाली धरली.