ताटाखालची फुली

"मूठ आवळा," नर्स म्हणाली. थोरलीने आवळली. सुई आत गेली. नळीत चढणारं रक्त ती दुसऱ्याच कुणाचं असावं तसं बघत राहिली.

"आमची ताई जन्मभर शिवणकाम करत आलीय," शेजारच्या खुर्चीतून धाकटा भाऊ म्हणाला. "सुईच हिला घाबरते."

त्याचं रक्त आधीच घेऊन झालं होतं. कुष्ठरोगातून बरा होऊन त्याला तीस वर्षं झाली होती. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली ती राहिलीच. एकाच घरात एकाला हा रोग होतो, दुसऱ्याला का होत नाही, त्याच्याशी लढायची ताकद जन्मताच कुणाला किती मिळते, हे भावाबहिणींच्या जनुकांवरून शोधायचं काम इथे चाललं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "आजारपणात घरातली ताटं-वाट्या एकच होत्या की वेगळ्या?"

नर्सने दिलेला कापसाचा बोळा थोरलीने कोपराशी धरला. त्याचं ताट वेगळं करायला तिनेच लावलं होतं. ओळखू यावं म्हणून दाभणाने ताटाच्या बुडाला फुलीही तिनेच कोरली होती. तो दाराशी जेवायचा, ही त्याच्याकडे पाठ करून. आई हूं की चूं न करता दोघांना वाढायची. आपण वाचलो ते त्या फुलीमुळे, हे थोरलीने इतकी वर्षं मनाशी घट्ट धरलं होतं. नाहीतर त्या दाराशी बसवण्याला अर्थ काय उरणार होता?

"एकच," धाकटा म्हणाला.

"खोटं कशाला सांगतोस?" थोरलीचा आवाज सपाट होता. "वेगळी लिहा, बाई. मीच केली होती."

"ताटावाटे हा रोग पसरत नाही हो, मावशी. श्वासावाटे पसरतो. आजार कळण्याआधी एकाच खोलीत झोपत होतात ना?"

"चार वर्षं."

"मग जंतू तुमच्याकडेही आलेच असणार. बहुतेकांचं शरीर त्यांना परतवतं. तुमच्या शरीराने परतवलं, यांच्या नाही. यात तुमची हुशारी नाही आणि यांचा दोष नाही."

थोरलीला काहीच वाटलं नाही. कोपराशी धरलेला कापसाचा बोळा तिने नुसता दाबून ठेवला.

"मग वेगळी, असं लिहू?"

"एकच लिहा," धाकटा म्हणाला. मग तो बहिणीकडे वळला. "ताई, तू तुझं ताट कधी उलटं करून पाहिलंस का गं? भांडी आई घासायची. फुलीचं ताट एक दिवस मला यायचं, एक दिवस तुला. मला दिसायचं, पण सांगितलं असतं तर तू जेवलीच नसतीस."