दौलतचा क्लीनर

दौलतच्या लायसनवर तीन अपघातांचे शेरे होते. शेवटचा याच काळाचौकीच्या वखारीतला. ट्रक मागे घेताना त्याने आपलाच क्लीनर, म्हातारा कुशाबा, भिंतीशी चिरडला होता.

तरी मी दौलतला कामावर ठेवला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांच्या दिवसांत ड्रायव्हर मिळतोय कुठे?

"क्लीनर देऊ?"

"नको मुकादम. एकटाच बरा."

भर दुपारी तो ट्रक मागे घेऊ लागला. मी समोर उभा होतो. मागच्या फळीवर क्लीनर मारतात तशा दोन थापा पडल्या आणि मागून आवाज आला.

"येऊ दे... येऊ दे..."

सवयीने दौलत मागे येत राहिला. मग एकदम थांबला.

"मुकादम, मागं कोण हाय?"

मी जाऊन पाहिलं. फळी भिंतीला टेकली होती. मध्ये बोटभर जागा नव्हती.

पुन्हा थाप पडली.

"अजून येऊ दे."