कुलूप तोडणारा

“चोराची सीडी आहे ही. माझ्या नावावर स्टोअरमध्ये जाणार नाही,” माधवरावांनी सीडी श्रेयाकडे परत सरकवली.

श्रेया लोअर परळच्या एका कंपनीत होती. सीडीवरून कॉम्प्युटरवर टाकायचे जुने प्रोग्रॅम नव्या अ‍ॅप स्टोअरसाठी बांधून देणं हे तिचं काम. मराठी टायपिंग शिकवणारी ‘अक्षरपाटी’ तिने साहेबांकडे हट्टाने मागून घेतली होती. ती लिहिणारे माधवराव शिवाजी पार्कला राहतात हे कळल्यावर ती लालबागहून थेट त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती.

पण मूळ पाटीला कुलूप होतं. कॉम्प्युटरच्या मागे एक ठोकळा खोचल्याशिवाय ती उघडायचीच नाही, आणि तशी खाच असलेला कॉम्प्युटर आता शोधूनही मिळत नव्हता. मूळ कोड जुन्या हार्डडिस्कबरोबर गेला होता. उरली होती ती एवढीच सीडी, कुणीतरी कुलूप तोडून गावभर वाटलेली. तिच्यापायी माधवरावांचा धंदा बसला होता. आता ही नको म्हटलं, की पाटी कायमची संपली.

“तुला कुठे मिळाली?”

“आमच्या चाळीतल्या क्लासमध्ये. मी हिच्यावरच शिकले, काका. बाबांनी आणली होती. कुठून आणली ते कधी बोलले नाहीत.” श्रेयाचा आवाज जरा खाली गेला.

माधवरावांच्या पत्नी पद्मजाताई थालीपीठं घेऊन आल्या. परळच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं, शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटरही त्याच सांभाळायच्या, आणि पाटीतले धडेही त्यांनीच रचलेले होते. “आधी खाऊन घ्या. थालीपीठ गार होतं, भांडण काही होत नाही.”

“काका, एकदा बघा तरी,” श्रेयाने लॅपटॉप वळवला. “स्टोअरमधल्या प्रोग्रॅमला स्वतःच्या फोल्डरमध्ये काही लिहिता येत नाही. जुने प्रोग्रॅम तिथेच आपटतात. तुमचाही आपटला असता. पण कुलूप तोडणाऱ्याने ते तेव्हाच बदललंय. जो बसेल त्याचं काम त्याच्या वेगळ्या खणात. एकाचं दुसऱ्याला पुसता येत नाही. लाइट गेली तरी शेवटची ओळ शाबूत.”

माधवरावांनी चष्मा लावला. नको नको म्हणत ते पाहत राहिले, आणि पाहता पाहता थालीपीठ विसरले. कुठे ओढाताण नव्हती, कुठे ठिगळ दिसत नव्हतं. कुणाच्या कामाला इतकी मनापासून दाद द्यावीशी त्यांना फार दिवसांत वाटली नव्हती, आणि याचा त्यांना रागही येत होता.

“एका मशीनवर दहा पोरं बसतील, हे मला कधी सुचलंच नाही,” ते म्हणाले. “आणि हे सगळं कोड हातात नसताना. मला नसतं जमलं.”

“मला तर आत्ताही जमणार नाही,” श्रेया म्हणाली.

पद्मजाताई गार झालेलं ताट उचलून नेत होत्या. त्या तिथेच थांबल्या.

“बांध पाटी,” माधवराव शेवटी म्हणाले. “पण माझ्या नावाखाली एक जागा मोकळी सोड. त्याच्यासाठी.”

“पण तो कोण, हे कळणार कसं?”

“कळलं कधी, तर आधी कानाखाली वाजवीन. मग पाया पडेन.”

श्रेया हसली. पद्मजाताईंनी ताट खाली ठेवलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि नवऱ्यासमोर गाल पुढे केला.

“आधी कानाखाली, असंच म्हणालात ना?”